पॉवर्सकोर्ट हाऊस : नगरनिवास, कचेरी, वखार आणि दुकान

१

एखादी वास्तू ज्या हेतूने उभारली गेली तो हेतू लोप पावल्यावर त्या वास्तूचे काय व्हावे, हा प्रश्न वास्तुविद्येचा आहे तितकाच इतिहासाचा आणि अभिरुचीचाही आहे. मंदिर, किल्ला किंवा समाधी यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा बिकट होत नाही. कारण त्यांचा उपयोग संपला तरी त्यांच्याविषयीचा आदर शिल्लक राहतो आणि तो आदरच त्यांना तारून नेतो. निवासाची गोष्ट वेगळी आहे. घर हे राहण्यासाठी असते. राहणारा निघून गेला की घराला दुसरा धनी शोधावा लागतो, आणि तो धनी आपली सोय पाहूनच घरात शिरतो. अशा परिस्थितीत घराने काय राखले आणि काय गमावले याचा हिशेब मांडणे, हे वास्तुसमीक्षेचे एक महत्त्वाचे, परंतु बरेचसे उपेक्षित असे कार्य आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने डब्लिन शहरातील पॉवर्सकोर्ट हाऊस या वास्तूचा विचार करावयाचा आहे. इ. स. १७७१ ते १७७४ या काळात एका आयरिश उमरावाचे नगरनिवास म्हणून बांधले गेलेले हे घर पुढे सरकारी कचेरी झाले, त्यानंतर शतकाहून अधिक काळ कापडाची वखार राहिले आणि १९८१ पासून अनेक दुकानांचे मिळून एक व्यापारी केंद्र बनले आहे. या रूपांतराची जी प्रशंसा सामान्यतः केली जाते ती एका वाक्यात सांगता येण्यासारखी आहे : व्यापाराने घर वाचविले. हे वाक्य खोटे नाही. तथापि ते अपुरे आहे, आणि अपुरी सत्ये वास्तूंच्या बाबतीत कित्येकदा असत्याइतकीच घातक ठरतात. घर वाचले म्हणजे नेमके काय वाचले, आणि कोणत्या व्यापाराने ते वाचविले, हे तपासून पाहिल्याशिवाय त्या वाक्याचा स्वीकार करता येत नाही.

'जॉर्जियन' या संज्ञेविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १७१४ मध्ये पहिला जॉर्ज ब्रिटनच्या गादीवर आला आणि १८३० मध्ये चौथ्या जॉर्जचा मृत्यू झाला. या चार राजांच्या कारकीर्दीत ब्रिटन व आयर्लंड येथे जी नागरी वास्तुरचना रूढ झाली तिला हे नाव आहे. तेव्हा ही संज्ञा मुळात कालवाचक आहे, शैलीवाचक नव्हे. या शंभराहून अधिक वर्षांत अभिरुची दोन-तीन वेळा बदलली. पॉवर्सकोर्ट हाऊसचे वैशिष्ट्य असे की, हा बदल त्याच्या एकाच छपराखाली पाहावयास मिळतो.

२

हे घर बांधविणारा रिचर्ड विंगफील्ड हा पॉवर्सकोर्टचा तिसरा व्हायकाउंट. त्याच्या घराण्याची जहागीर डब्लिनच्या दक्षिणेस विक्लो परगण्यात होती आणि तेथे त्याच्या पित्याच्या काळी, १७३१ पासून पुढील दहा वर्षांत, रिचर्ड कॅसल्स या जर्मन वंशाच्या वास्तुकाराने एक भव्य प्रासाद उभारून दिला होता. मग शहरात दुसरे घर कशासाठी? याचे उत्तर त्या काळच्या आयरिश राज्यव्यवस्थेत आहे. डब्लिन ही तेव्हा स्वतंत्र पार्लमेंट असलेली राजधानी होती. पार्लमेंटचे अधिवेशन सुरू झाले की उमरावांची कुटुंबे आपापल्या जहागिरींवरून शहरात येत. सभागृहातील मते, दरबारातील मानमरातब, मुलामुलींचे विवाह आणि कर्जाचे व्यवहार या सर्वांची जुळणी याच हंगामात होई. नगरनिवास म्हणजे राहण्याची जागा थोडी आणि आपले स्थान मांडून दाखविण्याची जागा अधिक. मेजवान्या आणि नृत्यसभा हा त्या घराचा खरा व्यवसाय होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होऊ नये.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे एक भाबडी समजूत दूर होते. 'घर' हे पवित्र आणि खाजगी, 'दुकान' हे ऐहिक आणि सार्वजनिक, अशी विभागणी करून आपण रूपांतराकडे ऱ्हास म्हणून पाहू लागतो. परंतु हे घर कधीच पूर्णतः खाजगी नव्हते. परक्या माणसांनी आत यावे, चकित व्हावे, जिना चढून वर जावे आणि यजमानाच्या ऐश्वर्याचा ठसा मनावर घेऊन परत जावे, याच अपेक्षेने त्याची आखणी झालेली होती. प्रदर्शन हा त्याचा मूळचा धर्म होता. मांडलेला माल तेवढा बदलला.

ते ऐश्वर्य कोठून आले हेही विसरता येत नाही. घराचा मुखभाग ज्या ग्रॅनाइटचा आहे तो व्हायकाउंटच्या विक्लोमधील जहागिरीतून आणविला होता. आणि घराचा सुमारे ८,००० पौंडांचा खर्च ज्या उत्पन्नातून भागला ते मुख्यतः जमिनीच्या खंडाचे होते. म्हणजे दगड आणि द्रव्य ही दोन्ही खेड्यातूनच शहरात आली. ज्या देशात बहुसंख्य प्रजा कॅथलिक आणि जमीनदारवर्ग प्रायः प्रॉटेस्टंट होता, त्या देशात असे घर म्हणजे सत्तेचे एक विधानच होते. पुढील काळात या घरांविषयी आयरिश मनात जो दुभंग दिसतो, त्याचे मूळ येथे आहे.

३

घराचा रचनाकार रॉबर्ट मॅक हा पाथरवटाच्या व्यवसायातून पुढे आलेला होता. त्याच्या हातचा हा मुखभाग पाहिला की त्याचा मूळ व्यवसाय लपत नाही. तळमजल्याचे दगड सांध्यांच्या ठिकाणी खोल खाचा पाडून ठळक केलेले आहेत. त्यामुळे तो मजला जणू भार पेलण्यासाठीच घडविल्यासारखा भक्कम दिसतो. त्यावर मुख्य मजला, मध्यभागी तीन भागांची व मधल्या भागात कमान असलेली व्हेनिशियन खिडकी, त्यावर त्रिकोणी शीर्षभाग आणि त्याच्याही वर, दोन्ही बाजूंना दगडी वेटोळी असलेला एक चौकोनी माळा. घराच्या दोन्ही अंगांना कमानींची दारे आहेत. त्यांतील एकातून पाकगृहाकडे आणि दुसऱ्यातून तबेल्याकडे वाट जात असे.

हा मुखभाग भव्य आहे यात शंका नाही. परंतु तो सुंदर आहे काय? त्याच्यावर दोन आक्षेप घेता येतात, आणि दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप असा की, १७७१ साली ही शैली जुनी झाली होती. लंडनमध्ये रॉबर्ट ॲडमने हलक्या, सपाट आणि नाजूक रचनेचा प्रघात पाडला होता. खुद्द डब्लिनमध्ये विल्यम चेंबर्सच्या आराखड्यावरून चार्लमाँट हाऊसचे काम १७६३ मध्ये सुरू झाले होते, आणि त्याचा संयमित मुखभाग अभिरुचीच्या नव्या वळणाची साक्ष देत होता. मॅक मात्र एक पिढी मागच्या कॅसल्सच्या जड वळणाला चिकटून राहिला. दुसरा आक्षेप असा की, साउथ विल्यम स्ट्रीट ही गल्ली इतकी अरुंद आहे की, एवढा मोठा मुखभाग एका दृष्टिक्षेपात सामावतच नाही. समोरच्या कॅसल मार्केट या लहानशा रस्त्यावरून येतानाच काय तो त्याचा मध्यभाग नीट नजरेस पडतो. कॅसल्सनेच १७४५ नंतर बांधलेल्या लिन्स्टर हाऊसपुढे प्रशस्त अंगण आहे. येथे मोठ्या जहागिरीतला प्रासाद गल्लीत आणून उभा केल्यासारखे वाटते.

पहिल्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे. शैली जुनी असणे हा स्वतःहून दोष नव्हे. मुलाने पित्याच्या प्रासादाची आठवण शहरात जागी ठेवावी, यात घराण्याच्या सातत्याचा आग्रहही असू शकेल. दुसरा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही. रस्ता आणि मुखभाग यांच्यातील ही विसंगती घराच्या नशिबी जन्मापासून आलेली आहे. आणि पुढे पाहू त्याप्रमाणे, १९८१ च्या रूपांतरात तिला एक अनपेक्षित महत्त्व प्राप्त झाले.

आत प्रवेश केल्यावर मात्र आक्षेपांचा सूर आपोआप मंदावतो. प्रवेशाचे दालन, त्यामागे जिन्याचे दालन आणि जिन्यावरून वरच्या मजल्यावरील मेजवानीच्या खोल्या असा क्रम आहे. जिना महोगनी लाकडाचा असून त्याच्या कठड्याचे गज इतके बारीक आणि विपुल कोरलेले आहेत की, डब्लिनच्या त्या काळच्या कामांतही त्याला जोड सापडणे कठीण आहे. जिन्याच्या भिंतींवरील गिलाव्यातील नक्षी जेम्स मॅक्‌कलाने केलेली, रोकोको वळणाची आहे : वळलेल्या पानांच्या वेली, वाऱ्याने हललेली वाटावीत अशी टोके, आणि सममितीविषयी एक प्रकारची बेफिकिरी. याउलट वरच्या खोल्यांची छते मायकेल स्टेपल्टनची आहेत. तेथे वर्तुळे, लंबवर्तुळे, पंखे, बारीक माळा आणि पदके यांची मोजून आखलेली मांडणी आहे. म्हणजे जिना चढताना पाहुणा एका अभिरुचीतून दुसरीत जात असे. मधले अंतर पंधरा-वीस पायऱ्यांचे; कलेतिहासात मात्र ते एका पिढीचे आहे.

या दोन पद्धतींतील भेद केवळ दिसण्याचा नाही, करण्याचाही आहे. रोकोको नक्षी बहुतांशी ओल्या गिलाव्यावर जागच्या जागी, हाताने घडविली जाई. तिच्यात कारागिराची त्या क्षणीची मर्जी उतरे. नवअभिजात छतांतील पुनरावृत्त होणारे घटक साच्यातून काढून मग जागेवर बसविले जात. स्टेपल्टनची रेखाटने आज आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांवरून त्याच्या कामामागील आखणीची शिस्त दिसून येते. साचा आला की नमुना आला, आणि नमुना आला की एकच वस्तू अनेकांना देण्याची सोय झाली. व्यापाराचे तत्त्व या घरात १९८१ मध्ये शिरले असे आपण मानतो. सूक्ष्म दृष्टीने पाहिले तर ते १७७४ पूर्वीच छताच्या वाटेने आत आले होते.

४

१८०० च्या ॲक्ट ऑफ युनियनने आयर्लंडचे पार्लमेंट रद्द झाले आणि १ जानेवारी १८०१ पासून आयरिश प्रतिनिधी लंडनला जाऊ लागले. डब्लिनच्या नगरनिवासांचा प्रयोजनहेतूच त्यामुळे कोसळला. खुद्द पार्लमेंटची इमारत १८०३ मध्ये बँक ऑफ आयर्लंडला विकली गेली. तेव्हा उमरावांच्या घरांची काय कथा! लिन्स्टर हाऊस १८१५ मध्ये रॉयल डब्लिन सोसायटीकडे गेले, बेल्व्हिडिअर हाऊस १८४१ मध्ये जेझुइट पंथाच्या शाळेकडे गेले, चार्लमाँट हाऊस १८७० मध्ये सरकारकडे आले आणि १९३३ मध्ये नगरपालिकेचे कलादालन झाले. पॉवर्सकोर्ट हाऊसची पाळी यांपैकी पुष्कळांच्या आधी आली. तिसरा व्हायकाउंट १७८८ मध्ये वारला होता. त्याच्या मुलाने हे घर १८०७ मध्ये मुद्रांक शुल्काच्या आयुक्तांना विकले.

मुद्रांक कचेरीसाठी फ्रान्सिस जॉन्स्टन या सरकारी वास्तुकाराने घराच्या पाठीमागे विटांच्या इमारती बांधून मधल्या मोकळ्या जागेला चौकाचे रूप दिले. डब्लिनचे जनरल पोस्ट ऑफिस ज्याने बांधले तोच हा जॉन्स्टन. त्याने येथे एक विवेक दाखविला, आणि या घराच्या इतिहासात तो निर्णायक ठरला. कारकुनांसाठी जागा हवी म्हणून त्याने जुन्या खोल्या तोडल्या नाहीत. नवी गरज नव्या बांधकामात भागविली. त्याच्या विटांच्या भिंती साध्या आहेत, कोठेही ग्रॅनाइटशी स्पर्धा करीत नाहीत. जुन्याशी नवे कसे जोडावे याचा हा एक शांत आणि अनुकरणीय धडा आहे.

१८३० नंतरच्या दशकात ही वास्तू फेरिअर पोलॉक या घाऊक कापडव्यापाऱ्यांच्या पेढीकडे गेली आणि शतकाहून अधिक काळ त्यांच्याकडे राहिली. येथे एका भेदाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. कारण 'व्यापाराने घर वाचविले' या विधानाची खरी परीक्षा येथेच होते. घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता यांचे घराशी असलेले नाते भिन्न असते. किरकोळ विक्रेत्याला रस्त्यावरून जाणाऱ्याचे लक्ष वेधावयाचे असते. म्हणून तो प्रथम तळमजल्याची भिंत फोडतो, तेथे मोठ्या काचा बसवितो आणि वर पाटी लावतो. इंग्लंडमधील बाथ शहराचा मिल्सम स्ट्रीट हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १७६० नंतरच्या दशकात तेथे निवासासाठी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि थोड्याच काळात त्यांच्या तळमजल्यांवर दुकाने आली. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी' या कादंबरीत जनरल टिल्नीचा मुक्काम याच रस्त्यावर आहे आणि तरुण मुलींना भुलविणारी टोपीही याच रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत आहे. राहणे आणि विकणे तेथे एकाच भिंतीत नांदू लागले. पण त्यासाठी तळमजल्याला आपले मूळ रूप द्यावे लागले.

घाऊक व्यापाऱ्याला यातले काहीच नको असते. त्याचे गिऱ्हाईक ठरलेले असते, ते पत्ता विचारीत येते. त्याला हवी असते ती कोरडी जागा, भक्कम जमीन, चांगला उजेड आणि गाडी आत नेण्याजोगे दार. पॉवर्सकोर्ट हाऊसमध्ये या चारही गोष्टी होत्या. म्हणून त्याने मुखभाग फोडला नाही; छताकडे पाहण्याची त्याला गरज पडली नाही, आणि म्हणूनच छते टिकली. याला रक्षण म्हणावे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते याला रक्षण म्हणण्यापेक्षा उपकारक उदासीनता म्हणणे अधिक यथार्थ होईल. वास्तूंच्या इतिहासात जाणत्या प्रेमाने जितकी हानी झाली आहे, तितकी या उदासीनतेने झालेली नाही.

५

१९८१ मध्ये या वास्तूचे चौथे आयुष्य सुरू झाले. मागील चौकावर काचेचे छप्पर घालण्यात आले, त्याच्या आत सज्जे व जिने बांधले गेले, चौकाच्या मध्यभागी उपाहारगृह आले आणि भोवतालच्या जॉन्स्टनच्या इमारतींत व पुढील मूळ घरात अनेक लहान दुकाने स्थापन झाली. मुखभाग स्वच्छ झाला, नक्षी दुरुस्त झाली, जिना लोकांसाठी खुला झाला. ही सर्व कामे जुन्याविषयीच्या आस्थेने झाली आहेत. आणि पूर्वी जेथे निमंत्रणाशिवाय पाऊल ठेवता येत नव्हते, तेथे आज कोणासही जाता येते. ही गोष्ट लहान नाही.

तथापि समीक्षकाने येथेच थांबून चालत नाही. या रूपांतरात भिंती राखल्या गेल्या. क्रम मात्र उलटला गेला. मूळ रचनेत गल्ली, मुखभाग, प्रवेशदालन, जिना आणि वरच्या खोल्या अशी चढती मांडणी होती. अरुंद गल्लीतून येणाऱ्याला मुखभागाने दडपावे, दालनाने सावरावे, जिन्याने वर न्यावे आणि स्टेपल्टनच्या छताखाली त्याचे मन प्रसन्न व्हावे, असा हा प्रवास होता. त्याचा कळस पुढच्या घरात, वरच्या मजल्यावर होता. आज कळस चौकात आहे. पुढचे घर हे त्या चौकाचे देवडीवजा प्रवेशद्वार झाले आहे; आणि पाठीमागे क्लॅरेंडन स्ट्रीट असून त्यापलीकडे डब्लिनचा गजबजलेला ग्राफ्टन स्ट्रीट असल्यामुळे, पुष्कळसे लोक मागच्या दारानेच आत येतात. जो मुखभाग अरुंद गल्लीमुळे मुळातच नीट दिसत नव्हता, तो आता कित्येकांना पाहावाही लागत नाही. ज्या जिन्यासाठी एवढी महोगनी खर्ची पडली तो जिना एका दुकानातून दुसऱ्या दुकानाकडे जाण्याची एक वाट उरला आहे.

मराठी वाचकाला हा बदल कदाचित खटकणार नाही. उलट तो स्वाभाविकच वाटेल. याचे कारण आपल्या वाड्याच्या रचनेत आहे. वाड्यात चौक हे घराचे हृदय असते. देवडी ओलांडून चौकात येणे म्हणजेच घरात येणे. उजेड, वारा, तुळस आणि माणसांची वर्दळ चौकातच असते; रस्त्याकडील भिंत त्या मानाने मुकी असते. शिवाय पेठांतील कित्येक वाड्यांत रस्त्याच्या अंगाला दुकान आणि आत बिऱ्हाड ही व्यवस्था मूळचीच असे. जॉर्जियन नगरनिवासाची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. तेथे मुखभाग बोलतो आणि पाठीमागची जागा गप्प असते. तेथे चाकर, घोडे, कोळसा आणि स्वयंपाक यांचा वावर असे. पाहुण्याने ती पाहावयाची नसे. तेव्हा पॉवर्सकोर्ट हाऊसच्या चौकात बसून 'घराच्या मध्यभागी' असल्याचा आनंद घेणारा मनुष्य वस्तुतः घराच्या बाहेर, १८०७ नंतरच्या कचेरीच्या अंगणात बसलेला असतो. जिला तो उमरावाचे वैभव समजतो ती जागा त्याच्या कल्पनेइतकी जुनी नाही, आणि उमरावाचीही नाही.

याचा अर्थ चौकावर छप्पर घालणे चुकीचे होते असा नव्हे. किंबहुना दुकानांचा भार चौकाने उचलला म्हणूनच मूळ खोल्यांवर तो कमी पडला. जॉन्स्टनने १८०७ नंतर जो मार्ग दाखविला त्याचाच हा पुढचा टप्पा होय. आक्षेप आहे तो एवढाच की, रूपांतर करणाऱ्यांनी भिंतींचे जतन हेच संपूर्ण जतन मानले. वास्तू ही भिंतींची बेरीज नसते; ती एका मागून एक येणाऱ्या अनुभवांची रचना असते. नाटकातील सर्व अंक जसेच्या तसे ठेवून त्यांचा क्रम उलटा केला, तर एकही शब्द गाळलेला नसूनही नाटक तेच राहील काय?

६

या टीकेवर एक प्रबळ आक्षेप येऊ शकतो आणि त्याला सामोरे जाणे प्राप्त आहे. आक्षेप असा : क्रमाची चिंता ही सुखवस्तू समीक्षकाची चिंता आहे, डब्लिनमध्ये प्रश्न होता तो घर उभे राहण्याचा. या आक्षेपामागे फार मोठे सत्य आहे. शहराच्या उत्तर भागातील हेन्रिएटा स्ट्रीटवरील १४ क्रमांकाचे घर १७४० नंतरच्या दशकात उमरावी कुटुंबासाठी बांधले गेले. १९११ च्या जनगणनेच्या वेळी त्या एका घरात १०० माणसे राहत होती. उंच छतांच्या दालनांत फळ्यांचे आडोसे घालून केलेल्या त्या खोल्यांत दारिद्र्याने जॉर्जियन वास्तुकलेचा जो उपयोग केला, त्यापुढे दुकानांचा उपयोग सौम्यच म्हणावा लागेल. २०१८ पासून त्या घरात त्याच्याच इतिहासाचे संग्रहालय आहे. आणि त्या संग्रहालयाने उमरावांइतकेच त्या भाडेकऱ्यांनाही स्थान दिले, हे सर्वथा योग्य झाले.

पुढे स्वतंत्र आयर्लंडमध्ये वेगळाच धोका निर्माण झाला. फिट्झविल्यम स्ट्रीटवरील १६ जॉर्जियन घरे विद्युत मंडळाच्या कार्यालयासाठी १९६५ मध्ये पाडण्यात आली. ही घरे परकीय सत्तेची चिन्हे आहेत, ती राखण्याचे ओझे राष्ट्राने का वाहावे, असे म्हणणारे लोक त्या काळी थोडे नव्हते. १९५८ मध्ये डेस्मंड व मरीगा गिनेस यांनी आयरिश जॉर्जियन सोसायटीची स्थापना केली ती याच पार्श्वभूमीवर. या मतभेदात दोन्ही पक्षांकडे काही सत्य होते. घर बांधविणारा वर्ग परका मानला गेला तरी घर घडविणारे हात त्याच भूमीतले होते. मॅक्‌कलाची वेल आणि स्टेपल्टनचे छत ही व्हायकाउंटची निर्मिती नव्हे, ती डब्लिनच्या कारागिरीची निर्मिती आहे. खंड ज्यांनी भरला आणि नक्षी ज्यांनी घडविली त्यांच्या वंशजांना ती मुक्तपणे पाहावयास मिळावी, हा या घरांच्या जतनाचा सर्वांत बळकट आधार आहे. या कसोटीवर १९८१ चे रूपांतर निश्चितपणे उतरते.

आणखी एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. विक्लोमधील मूळ प्रासाद हा प्रासाद म्हणूनच जपला गेला होता. त्यात दुकान नव्हते, वखार नव्हती. नोव्हेंबर १९७४ मध्ये तो आगीत जळाला आणि त्याच्या अंतर्भागाची राख झाली. पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तो बिनछपराचा उभा होता. १९९६ मध्ये त्यावर पुन्हा छप्पर आले, आणि त्यानंतर त्यातही दुकानेच आली. ज्या घराचा सन्मान राखला गेला ते जळाले. जे कापडाच्या गठ्ठ्यांखाली शंभर वर्षे दबून राहिले त्याची छते शाबूत आहेत. यातून कोणताही नियम काढता येणार नाही. परंतु वास्तूंच्या भवितव्याविषयी अहंकाराने बोलू नये, एवढा बोध घेता येतो.

७

सारांश, पॉवर्सकोर्ट हाऊसच्या चार आयुष्यांतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, घर आणि दुकान यांतील विरोध आपण मानतो तितका मूलगामी नाही. उमरावाचे नगरनिवास हे आरंभापासूनच प्रदर्शनाचे स्थान होते. दुसरा असा की, 'व्यापार' ही एक संज्ञा येथे पुरेशी नाही. या घराला वाचविण्याचे मोठे काम १८०७ नंतरच्या विवेकी कचेरीने आणि त्यानंतरच्या उदासीन वखारीने केले. किरकोळ विक्रीचे दुकान आले ते शेवटी, आणि राखलेल्या वास्तूवर आले. त्याला श्रेय द्यावयाचे ते घर लोकांना खुले केल्याबद्दल. तिसरा निष्कर्ष असा की, जतनाच्या विचारात भिंती, छते आणि जिने यांबरोबर त्यांच्या परस्परक्रमाचाही समावेश झाला पाहिजे. जेथे तो क्रम प्रत्यक्षात राखणे शक्य नसेल तेथे निदान त्याची जाणीव तरी जागी ठेवली पाहिजे.

ही जाणीव ठेवण्यास फार खर्च लागत नाही. पॉवर्सकोर्ट हाऊसच्या शेजारीच साउथ विल्यम स्ट्रीटवर सिटी असेंब्ली हाऊस ही चित्रप्रदर्शनासाठी १७६६ ते १७७१ या काळात बांधलेली वास्तू आहे आणि तेथेच आज आयरिश जॉर्जियन सोसायटीचे कार्यालय आहे. म्हणजे जाणकार शेजारी लाभले आहेत. येणाऱ्याने एकदा तरी मागचे दार सोडून पुढच्या गल्लीतून यावे, मान वर करून त्या अवजड शीर्षभागाकडे पाहावे, दालनात क्षणभर थांबावे आणि काही विकत घेण्यापूर्वी जिना चढावा. एवढे घडले तरी रॉबर्ट मॅकने आखलेला प्रवास पुरा होतो. घराचा धनी पुन्हा येणार नाही, आणि तो यावा अशी इच्छा करण्याचेही कारण नाही. परंतु पाहुणा अजून येतो आहे. त्याला कोणत्या दाराने आत घ्यावयाचे, हे ठरविणे अद्याप आपल्या हाती आहे.